लाल दोऱ्याची सुई

तीन आठवड्यांपूर्वी अनसिंगहून पुतण्याचा फोन आला, "काका, बाबा गेले. सकाळी दुकानात चहा पिता पिता गेले." मी उत्तमदादाचा धाकटा भाऊ, पण रडायच्या आधी मला हसूच आलं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं दादाला कधी खपलं नाही, मग यमाला तरी तो कशाला ठेवेल...

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कापडाला दोरा जुळवावा तर दादानंच, असा अनसिंगच्या या टेलरचा तोरा होता. एके दिवशी एक बाई नवं लाल पोलकं घेऊन तणतणत आली. "उत्तमभाऊ, लग्नाच्या पोलक्याले मातकट दोरा काहून लावला?" "लालच त आहे!" दादा म्हणाला. आठवडाभर आम्ही त्याची टर उडवली. ते मला अजून बोचतं, कारण त्याच्या डोळ्यांतला लाल रंग तेव्हाच विझत चालला होता. पंधरा दिवसांत दोन्ही डोळ्यांपुढे धुकं आलं. अकोल्याला गोळ्या-इंजेक्शनं झाली, पण फरक पडला नाही. "सुई ओवता नाही आली त मी कायचा टेलर रे?" एवढंच तो म्हणायचा.

मुंबईच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी समजावलं, की रोगाशी लढणारं अंगातलं सैन्यच चुकून डोळ्यांच्या नसांवर उठलंय. ते रक्तातल्या पिवळ्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात असतं. रक्त काढायचं, यंत्रात फिरवून ते पाणी वेगळं करायचं आणि लाल रक्त दुसऱ्यांच्या प्लाझ्मासोबत परत द्यायचं. उपाय अगदी नवा होता, हमी कोणीच देत नव्हतं.

"कसं दिसते रे ते माह्या अंगात येणारं पाणी?" यंत्र सुरू झाल्यावर पडल्या पडल्या दादानं विचारलं. तुरीच्या वरणावरच्या निवळीसारखं, मी म्हणालो. "अन् हाय कोणाचं?" नर्सबाई म्हणाल्या, "कोण जाणे, आठ-दहा जणांचं असेल." दादा खदखदून हसला. "पाह्य रे, गावात आपल्या हातचं पाणी लोकायले चालत नव्हतं. अन् आता दहा घरचं पाणी माह्या अंगात फिरून राह्यलं!" शेजारच्या खाटांवरचे रोगीही हसले.

एक दिवसाआड असं चार वेळा झालं, तरी धुकं तसंच होतं. माझा धीर सुटत चालला होता. पाचव्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा पाजत होतो, तर तो माझ्या छातीकडे टक लावून म्हणाला, "पांढऱ्या शर्टाच्या बटनाले लाल दोरा? टेलरचा भाऊ ना तू? लाज आणली!" तुटलेलं बटन मीच घाईत लावलं होतं. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो, आणि तो मात्र दोरा बदल म्हणून मागे लागला होता.

मग गावी दादाला एक सवयच लागली. रोज सकाळी दुकान उघडलं की उंबरठ्यावर उभं राहून लाल दोरा सुईत ओवायचा, आणि तो ओवला गेला की मगच चहा. इतक्या वर्षांत हा नेम कधी चुकला नाही. आम्ही चिडवायचो, "झाली का परीक्षा?" तो ऐटीत म्हणायचा, "पास!"

परवा त्याचं दुकान आवरायला गेलो. मशीनवर अर्धा प्यालेला चहाचा कप तसाच होता. शेजारच्या टाचणगादीत सुई खोचलेली होती आणि तिच्यात लाल दोरा ओवलेला होता.