भोंगा ऐकला होता

दर रविवारी सकाळी स्वयंपाक उरकला की मी तासभर पाश्चात्त्य संगीत ऐकते. आधी तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक, मग आजच्या रचनाकारांचं काहीतरी. परवा एका नव्या रचनेत फरशीवर पत्रा घासल्यासारखा आवाज आला आणि मला लहानपणी शेजारी राहणाऱ्या रझियाखालांची रिकामी घागर आठवली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ पडला होता. नव्या कचेरीत बदलून आलेल्या साहेबांच्या बायको मला दर रविवारी टेपवर व्हायोलिन ऐकवायच्या. टँकरही रविवारीच यायचा. बाया घागरी रांगेत लावून आपापल्या घरी कामाला लागायच्या. टँकरचा भोंगा वाजला की सगळ्यांना हाक मारायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा टेपवर दोन व्हायोलिनं एकमेकांच्या मागे धावत होती. एवढं संपू दे, म्हणून मी बसून राहिले. बाहेर आले तोवर पलीकडच्या गल्लीनं टँकर रिकामा केला होता.

खालांच्या घरात चार दिवसांची बाळंतीण लेक होती. आई माझ्या अंगावर धावून आली.

"झोप लागली," मी म्हणाले.

"जाऊ द्या वैनी, लेकरू हाय," खाला म्हणाल्या. "उन्हानं डोळा लागला आसंल." आणि घागर फरशीवरून ओढत त्या लांबच्या विहिरीकडे निघाल्या.

आता खाला नाहीत. मी जागी होते, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. ती व्हायोलिनं अजूनही कधी लागतात, आणि खरं सांगते, अजूनही मला ती मधेच बंद करता येत नाहीत.