बाटलीतले पंधरा चमचे

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही, सकाळी माझ्यासोबत फिरायला येणाऱ्या मंडळींनाही नाही. आणि त्यांना तर मी पोटाच्या तक्रारीसुद्धा रोज सांगतो. आता पंच्याहत्तरी उलटली, म्हणून लिहून टाकतो.

अमरावतीच्या एका शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तरापुढे एकक नसलं की अर्धा गुण कापायचा, हा माझा नियम. नुसतं 'बारा' लिहिणाऱ्याला मी वर्गात उभं करून विचारायचो, "बारा काय? बारा बकऱ्या?"

मुलगा आणि सून अकोल्याला राहतात. सून अकोटकडच्या शेतकरी घरातली. आपलं गणित कच्चं आहे, हे तिनं लग्न ठरतानाच हसत सांगून टाकलं होतं. पण नात चार वर्षांची झाली आणि तिच्या दोन दुधाच्या दाढा किडल्या. तेव्हापासून सून दुकानात उभी राहून पाकिटांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लागली. मोबाईलवर फोटो काढायची, तो मोठा करायची, घरी येऊन कागदावर गुणाकार करायची. कोणत्या बिस्किटात किती चमचे साखर, दुधात घालायच्या भुकटीत किती, याची एक चिठ्ठी फ्रीजवर लावलेली असे. नातीला काय द्यायचं ते त्या चिठ्ठीवरून ठरे.

"आमी काय लेकरं उपाशी वाढवले का?" माझी बायको म्हणायची. पण चिठ्ठी टिकून होती.

नातीच्या पाचव्या वाढदिवसाला सगळे अकोल्यात जमलो. माझी थोरली बहीण धामणगावहून येताना आंब्याचं चित्र असलेली पेयाची बाटली घेऊन आली आणि नातीसाठी गिलास काठोकाठ भरायला लागली.

सून म्हणाली, "आत्याबाई, तिले अर्धा कपच द्या जी. त्या बाटलीत पंधरा चमचे साखर आहे."

"पंधरा? बाप्पा! मंग आंबा कुठी ठेवला वं त्यायनं?"

सगळे हसले. बहिणीनं बाटली माझ्या हातात दिली. "तू मास्तर हायेस ना? पाहून सांग बरं."

मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि तक्ता वाचला. "साखर, तेरा ग्रॅम. एका चमच्यात पाच ग्रॅम. म्हणजे झाले अडीच चमचे आणि वर चिमूटभर. सूनबाई, तू सहापट केली."

"पण बाबा, मी तं दोनदा केला हिशोब."

"तिसऱ्यांदा करायचा होता."

हा माझा विनोद फार गाजला. नातीनं दोन गिलास रिचवले. सून स्वयंपाकघरात गेली. माझ्या बहिणीनं तिचं नाव 'पंधरा चमचेवाली' ठेवलं आणि ते नाव धामणगावपर्यंत पोचलं.

संध्याकाळी बायको नातीजवळ राहिली आणि मी एकटाच गाडीनं परत निघालो. उरलेली बाटली बहिणीनं माझ्या पिशवीत टाकली होती. मूर्तिजापूरला गाडी उगाच थांबून राहिली. करायला काही नव्हतं, म्हणून बाटली काढून वाचत बसलो. तक्त्याच्या डोक्यावर, जिथे दुपारी माझा अंगठा होता तिथे, लिहिलं होतं: प्रति शंभर मिली. बाटली सहाशे मिलीची.

तेरा सख अठ्ठ्याहत्तर. भागिले पाच. पंधरा चमचे, आणि वर अर्धा.

मी डब्यात इकडेतिकडे पाहिलं. मग उरलेलं सगळं पिऊन टाकलं आणि बडनेऱ्याला उतरताच रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुरावा नष्ट झाला. मला मधुमेह आहे, हेही इथे नोंदवायला हवं. दोन दिवसांनी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हणालो, "वाढदिवस होता."

महिन्याभरानं अकोल्याला गेलो, तर फ्रीजवर चिठ्ठी नव्हती.

"काहून काढली?" मी विचारलं.

"माह्याच्यानं गणित होत नाही बाबा. उगीच लोकायले टोकत राहतो आपण." ती हसून बोलली, म्हणून मला आणखी वाईट वाटलं.

तेव्हाच सांगायचं. पण समोर बायको होती, मुलगा होता, आणि मला चहा मिळायचा होता. पुढच्या वर्षी नातीची तिसरी दाढ भरावी लागली.

इकडे माझी कीर्ती वाढत होती. धामणगाव, अकोट, मूर्तिजापूर, सगळीकडचे नातेवाईक मोबाईलवरच्या आमच्या घरच्या गटात मला पाकिटांचे फोटो पाठवायला लागले. "काकाजी, हे पोट्ट्याले चालते का?" आता मी प्रत्येक फोटो बोटानं मोठा करून डोकं, पाय, चांदणीची तळटीप, सगळं वाचतो आणि एककासह उत्तर देतो. माझा शब्द अखेरचा असतो. जिनं एकेक ओळ वाचली होती, ती त्या गटात नुसता हात जोडल्याचा शिक्का टाकते.

मी फोन करून सांगायचं ठरवलं. तिनं उचलला आणि लगेच नातीकडे दिला. पत्र लिहिलं, पहिल्याच ओळीत 'तुझ्या लक्षात असेलच' असं मोठ्या साहेबासारखं आलं, म्हणून फाडलं.

गेल्या महिन्यात अकोल्यात मी आणि सून दोघंच दुकानात गेलो होतो. नात आता अकरा वर्षांची आहे. तिला शाळेत न्यायला खाऊ हवा होता. सुनेनं एक पाकीट उचललं, उलटं केलं, क्षणभर ओठ हलले. मला कळलं, ती गुणाकार करत होती. मग तिनं ते माझ्यापुढे धरलं.

"तुमीच पाहा जी बाबा. माह्या हिशोबाचं काही खरं नसते."

"तुला किती वाटते?" मी विचारलं.

"मले वाटते आठ चमचे. पण चुकलं असंन."

मी वाचलं. आठच होते. आणि आसपास आपलं कुणी नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आणि ऐक, तो वाढदिवस..."

"आजोबा, जरा सरका ना," मागून एक बाई सामानाची गाडी ढकलत म्हणाल्या.

आम्ही सरकलो. सून माझ्याकडे पाहत उभी होती. "काय म्हणत होते बाबा?"

मला म्हणायचं होतं: पोरी, त्या दिवशी तुझाच हिशोब बरोबर होता, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि सहा वर्षं मी तुला सगळ्यांपुढे चुकीची ठरू दिलं. मला माफ कर.

मी म्हणालो, "ती पिशवी दे इकडं. जड झाली असंन."