गवताच्या वखारीतली बैठक

नाशिकहून सकाळची एस.टी. पकडायला निघालो तेव्हा बायकोने विचारलं, शहापूर-मुरबाडकडे तुमचं आहे तरी कोण? म्हटलं, कोणी नाही, एक मुलगा आहे, पंचाहत्तर किलोचा. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

मी तीस वर्षं मुष्टियुद्धाच्या स्पर्धांना पंच म्हणून बसलो. गणपतीनंतर झालेल्या एका स्पर्धेत मिडलवेटची (पंचाहत्तर किलोचा गट) अंतिम लढत मुरबाडकडच्या प्रज्योत नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराने जिंकली. मी त्याला मनापासून गुण दिले. पण दुसऱ्या फेरीपासून एक गोष्ट मला खुपत होती. डाव्या अंगाने येणारा ठोसा तो चुकवतच नव्हता. चुकवायला उशीर होणं वेगळं आणि ठोसा आलाय हेच न कळणं वेगळं. फौजेत माझ्या एका मित्राचं नेमकं असंच झालं होतं. डोळ्यातला पडदा सुटला होता, त्याने कोणाला सांगितलं नाही आणि शेवटी तो डोळा गेला.

त्या दिवशी रिंगजवळच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पोराला पास केलं. आपलं काम गुण देणं, असं स्वतःला सांगत मी घरी आलो. ते सांगणं चार महिने पुरलं, पुढे पुरेना. आता महिन्याभरात त्याची निवड चाचणी होती आणि खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी त्यावर ठरणार होती. त्याच्या आधी त्याला गाठायचं आणि सरळ विचारायचं, एवढंच ठरवून मी निघालो होतो.

कसारा घाटात थंडी होती. खिडकीची काच खाली ओढली तर ती अर्ध्यावर अडकली, ती आसनगावपर्यंत तशीच राहिली. खर्डीच्या आसपास भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, मधूनमधून वालाचे हिरवे तुकडे. आसनगावला माहुलीचे सुळके दिसले. एरवी मी त्यांच्याकडे बघत बसलो असतो, आज डोकं ठिकाणावर नव्हतं. शहापूरच्या स्टँडवर चहा घेतला आणि किन्हवलीवरून मुरबाडला जाणाऱ्या गाडीत बसलो.

किन्हवलीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळलेल्या गवताच्या गंजी लागतात. इथलं गवत प्रेसमध्ये दाबून, तारेने बांधून मुंबईकडच्या तबेल्यांना जातं. त्या चौकोनी गठ्ठ्याला गासडी म्हणतात. बघता बघता मी एक फाटा आधीच उतरलो. कंडक्टरने विचारलंही होतं, पण माझा स्वभाव असा की विचारणाऱ्यालाच मी चुकीचा समजतो. दोन किलोमीटर उन्हातून चाललो तेव्हा मागून रिक्षा आली. रिक्षावाल्याचं नाव कमलाकर. प्रज्योतचं नाव काढताच त्याने रिक्षा बंद केली आणि आरशातून नाही, चांगला मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी पंच होतात ना त्या फायनलला? पांढरा शर्ट. आमी मोबाइलवर तीसेक वेळा बघितलीय ती."

आज दुपारी बैठक आहे, बरे आलात, असं म्हणून त्याने मला थेट भोईरकाकांच्या गवताच्या वखारीत नेलं. बैठक म्हणजे काय ते मला तिथे कळलं. या गावात पूर्वी जत्रेची कुस्ती झाली की पैलवानाला मध्ये बसवून सगळे त्याची कुस्ती उलगडून बघत. तीच रीत प्रज्योतच्या बॉक्सिंगला लावलेली. प्रत्येकाने त्याचा एक गुण आणि एक दोष सांगायचा. त्याने मध्ये गासडीवर बसून ऐकायचं आणि सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटी काका त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतात, म्हणजे त्याची पाळी. तो पाणी पितो आणि "बरं" म्हणतो. गेली दोन वर्षं त्याने दुसरा शब्द उच्चारलेला नाही, हे सगळ्यांनी मला कौतुकाने सांगितलं.

आधी जेवण. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी प्रज्योतची मोठी बहीण वंदना घेऊन आली होती. ती मुरबाडच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, त्या दिवशी तिची सुट्टी होती. आईवडील गेल्यावर भावाला तिनेच वाढवलं. प्रज्योत मला ओळखून उठला, वाकून नमस्कार केला. अंगाने उंच, शांत, बोलताना मान किंचित डावीकडे वळवलेली. मी त्या मानेकडेच बघत राहिलो.

मग बैठक सुरू झाली. निवृत्त शिक्षक देसले गुरुजी म्हणाले की पोराचा दम कोणाकडे नाही, तिसऱ्या फेरीत दुसरे तोंडाने श्वास घेतात तेव्हा हा सुरुवात करतो. दोष एवढाच की सुरुवात करायला दोन फेऱ्या घालवतो. काकांना त्याचा बरगडीखालचा डावा ठोसा आवडे. कमलाकरने डाव्या हाताचा विषय काढला आणि वखार तापली. जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाला की हात हनुवटीपाशी परत यायला हवा, तो कमरेशी लोंबतो आणि समोरच्याचा उजवा सरळ आत येतो, असं त्याचं म्हणणं. काकांनी त्याचं कारण सांगितलं. प्रज्योत सोळाव्या वर्षापासून याच वखारीत गासड्या ओढतो, डाव्या हातात लोखंडी आकडा धरून. आकडा मारायचा, खाली ओढायचा. ती सवय हातात बसली आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. गवताने दम दिला आणि गवतानेच खोड लावली, असं गुरुजी म्हणाले.

पुढे चाचणीतल्या प्रतिस्पर्ध्यांवर वाद झाला. दोघे येण्याची शक्यता होती, एक हरियाणाकडचा डावखुरा, दुसरा फौजेतला, जड उजव्या हाताचा. कमलाकरला डावखुरा हवा होता. प्रज्योतने गेल्या काही महिन्यांत सगळे डावखुरे झोपवलेत, मार खाल्ला तो उजव्यांकडून, असा त्याचा हिशेब. डावखुऱ्याचा जड हात पोराच्या उजव्या अंगाने येतो, जिथे त्याला दिसतं. सगळा पुरावा या माणसांच्या हातात होता आणि प्रेमापोटी त्यांनी त्याचं भलतंच उत्तर काढलं होतं.

वंदनाची पाळी आली. ती म्हणाली, "हल्ली तो मानेनं बगतो. पहिला डोळ्यांनी बगायचा." काका म्हणाले, ती त्याची स्टाइल आहे गो, समोरच्याला फसवायची.

मग पाहुणा म्हणून मला बोलावलं. मी पंच, माझ्या शब्दाला वजन. प्रज्योत माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची विनवणी मी ओळखली. मी म्हणालो, दम उत्तम, पाय मात्र उशिरा उचलतो. सगळ्यांनी ते मोलाचं म्हणून ऐकून घेतलं. मला स्वतःची लाज वाटली. एवढा प्रवास करून मी ऐनवेळी शेपूट घातली होती. तांब्या आला, प्रज्योत पाणी प्यायला आणि "बरं" म्हणाला.

तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. मी त्याच्या डाव्या बाजूने चालत होतो. चार पावलांतच तो माझ्या मागून फिरून असा आला की मी त्याच्या उजवीकडे आलो. आता विचारायला काही उरलंच नव्हतं. तोच म्हणाला, "सर, तुमी तिथं बोलला नाय, लय उपकार झाले."

आयुष्यात कोणी इतके आभार मानले नव्हते आणि इतके बोचलेही नव्हते. मी त्याला मित्राची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, एकच चाचणी राहिली, नोकरी लागली की ताईची शिफ्ट सुटेल, मग दाखवतो. त्याला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरच्या बॅटरीकडे सरळ बघितलं की निभतं, हेही त्याने शोधून काढलं होतं.

मी म्हणालो, "समोरच्याचा उजवा बसला तर डोळा पुरता जाईल, डावीकडून आलेली ताई तू नुसत्या आवाजावरून ओळखशील. आता परत जाऊ. तू सांग, नाहीतर मी सांगतो."

मुरबाडहून माझी गाडी आली, थांबली आणि गेली. मग तो वखारीकडे वळला, मी त्याच्या मागोमाग.

आत फौजेतल्या उजव्यावर वाद चालूच होता. प्रज्योत गासडीवर जाऊन बसला आणि स्वतःच तांब्या उचलला. काका म्हणाले, तुझी पाळी झाली ना रे. तो म्हणाला, "माझ्या डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाय. गणपतीच्या आधीपासून. आकड्याचं काय नाय काका, माझा हात वर येत नाय कारण तिकडून काय येतंय तेच मला कळत नाय."

मग कमलाकर अगदी हळू म्हणाला, "म्हणून डावखुरे सोपे जायचे." इतके महिने भांडून काढलेलं उत्तर चुकलं होतं आणि खरं उत्तर आलं तेव्हा त्याला रडू फुटलं. वंदना उठली, भावाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, त्याला उजवा डोळा झाकायला लावला आणि डाव्या कानाजवळ बोट धरलं. बोट पुढे पुढे आणत गेली. जवळजवळ नाकाशी आलं तेव्हा तो म्हणाला, "आता दिसलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे कमलाकरची रिक्षा त्या दोघांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. गावातच रात्र काढून मी किन्हवलीवरून शहापूरला आलो आणि नाशिकची गाडी धरली. घाट चढताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. एक चांगलं काम हातून झालं, असं स्वतःच्याच पाठीवर थोपटत मी घरी पोचलो. प्रवास संपला असं तेव्हा वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी वंदनाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. डोळा राहिला, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. बॉक्सिंग संपलं होतं, चाचणी संपली होती, तो वखारीत बसून गासड्यांना तारा बांधत होता. बैठकीची माणसं रोज येतात, त्याच्याशी शेतीचं बोलतात, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं,

"सर, डॉक्टर म्हणाले चार महिने आधी आणला असता तर बरीचशी नजर वाचली असती. त्या फायनलला तुमाला कळलं होतं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित पंचाचं काम काय नि डॉक्टरचं काय ते समजावत बसलो असतो. मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिकडे वखारीतला प्रेस चालू असल्याचा आवाज येत होता, तो आम्ही दोघे ऐकत राहिलो.