अक्कांनी आणलेला कागद

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल अक्का मुलाच्या हातातलं पुस्तक आधी काढून घ्यायच्या, टेबलावर पालथं घालायच्या आणि म्हणायच्या, "आता सांग." ग्रंथपालाने असं करावं का? आम्ही स्टाफरूममध्ये यावर पोटभर हसलो आहोत. पुस्तकं सांभाळायला नेमलेली बाई पोरांना पुस्तकापासून लांब ठेवते, असं आमच्या इतिहासाच्या सरांचं म्हणणं होतं, आणि चहा पिताना ते सगळ्यांनाच पटायचं.

नाव सांगत नाही. सगळे अक्काच म्हणायचे, मुख्याध्यापकसुद्धा. मूळच्या वरणगावच्या, वडील तिथल्या फॅक्टरीत होते. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. धुळ्याहून जळगावकडे येताना आमचं गाव लागतं. तिथे त्या अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून आल्या आणि शाळा सुटेपर्यंत थांबू लागल्या. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. चार लोखंडी कपाटं, त्यातल्या दोनांत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती. त्या पोत्यांवर मुलं बसायची. सगळी आठवी-नववीतली, आणि आमच्या भाषेत सगळी 'ढ'.

अक्का त्यांना धडा वाचून दाखवायच्या, सावकाश, एकदाच. मग पुस्तक पालथं आणि एकेकाने सांगायचं. कुणी अडखळलं तरी मध्ये बोलायच्या नाहीत. मुलं अहिराणीत सांगायची. अक्काही हौसेने अहिराणीत विचारायला जायच्या आणि असं काहीतरी बोलून बसायच्या की पोरं हसून हसून पोत्यांवर आडवी व्हायची. "हसा," त्या म्हणायच्या, "मलाही एका विषयात नापास होऊ द्या की." मग डब्यातला मुरमुऱ्याचा भत्ता सगळ्यांच्या ओंजळीत पडायचा.

मी गणिताचा शिक्षक आणि नववी ब चा वर्गशिक्षक. माझ्या वर्गात दीपाली नावाची मुलगी होती. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मुलगी वर्गात मान खाली घालून बसायची, फळ्यावर बोलावलं की घामाघूम व्हायची. तिच्या वह्या बघून माझं डोकं फिरायचं. एकदा अक्का मला हाताला धरून जिन्याखाली घेऊन गेल्या. म्हणाल्या, विचारा तिला काहीही. मी विचारलं, कापसाची एक गाठ एकशे सत्तर किलोची, तर चौदा गाठींचं वजन किती? पोरीने छताकडे बघितलं आणि माझा खडू खिशातून निघायच्या आत सांगितलं, दोन हजार तीनशे ऐंशी. मग अक्कांनी तिच्या हातात पेन दिलं. तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, २८३०.

"सर," अक्का म्हणाल्या, "एकदा कानाने पेपर तपासा."

हे त्या मला पुढे शंभरदा म्हणाल्या असतील. मी काय करणार होतो? बोर्ड कानाने तपासत नाही. अक्कांनी मात्र शोधून काढलं होतं की तपासणी करून शिकण्यातल्या अडचणीचं सर्टिफिकेट आणलं तर बोर्ड अशा मुलांना जास्तीचा वेळ देतं आणि लेखनिकही देतं. म्हणजे दीपाली सांगेल आणि खालच्या वर्गातलं कुणीतरी लिहील. एवढं झालं तर ही पोरगी दहावीतून हसत हसत निघेल, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगतो, त्या दिवसानंतर मलाही वाटत होतं.

आता आमच्या शाळेचा एक रिवाज सांगतो. तुमच्याही गावात तो असेल, फक्त कुणी बोलत नसेल. गेटवर आमचा मोठा फलक आहे, दहावीचा निकाल शंभर टक्के. हा निकाल दहावीत लागत नाही, नववीत लागतो. फेब्रुवारी आला की मुख्याध्यापक वर्गशिक्षकांकडून यादी मागतात: निकाल खाली आणतील अशी मुलं कोणती. मग त्यांच्या आईबापांना बोलावून गोड बोलायचं, की नववी पास करून देतो, पण दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. आईबाप पास हा शब्द ऐकून हात जोडतात. यादी वर्गशिक्षकाच्या अक्षरात असते.

त्या फेब्रुवारीत मी आठ नावं लिहिली. तिसरं दीपालीचं होतं.

का लिहिलं? गणितात तिला चाळीसपैकी चार होते. नाव वगळलं असतं तर मुख्याध्यापकांनी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की जिन्याखाली ही मुलगी तोंडी गणितं करते. माझी हिंमत झाली नाही. अक्का तेव्हा तिला आणि तिच्या आईला घेऊन एसटीने फेऱ्या मारत होत्या. आधी जिल्ह्याच्या गावी, तिथून पुढच्या मोठ्या शहरात, मग पुन्हा तिथेच दुसऱ्या तारखेला. प्रत्येक फेरीहून आल्या की मला गाठून सगळं सांगायच्या. डॉक्टरबाईंनी पोरीला काय काय विचारलं, पोरगी कशी फटाफट बोलली, परत येताना बसमध्ये तिने वाहकाच्या आवाजात सगळे थांबे कसे म्हणून दाखवले. मी ऐकून घ्यायचो आणि 'वा वा' म्हणायचो. यादी मुख्याध्यापकांच्या टेबलात जाऊन तेव्हा महिना झाला होता.

एप्रिलमध्ये कागद आला. अक्कांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला होता आणि मला घेऊनच त्या ऑफिसात गेल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, अक्का, तुम्ही तर आमचं काम सोपं केलंत. पोरीला जमणार नाही हे आम्ही नुसतं तोंडाने म्हणत होतो, आता डॉक्टरनेच लिहून दिलंय. तिच्या बापाला बोलवा, दाखला देऊन टाकू.

अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी वर्गशिक्षक, मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होतो.

बाप आला. त्याला कुणीतरी एवढंच सांगितलं की पोरगी अधू आहे असा कागद आलाय, म्हणून शाळा ठेवत नाही. त्याने दाखला घेतला, कागद घेतला आणि जिन्याखाली जाऊन अक्कांना सांगितलं, "आते आमना दारशी येऊ नका, अक्का." कागद त्याने घरी जाऊन फाडला. पोरीच्या पुढच्या सोयरिकीची त्याला काळजी पडली होती. कागद नाही म्हणून लेखनिक नाही. दुसऱ्या वर्षी दीपाली बाहेरून दहावीला बसली. पहिल्या पेपरला तीन तास बसून आली, दुसऱ्याला गेलीच नाही. तिच्याच वयाच्या तिच्या मैत्रिणी आमच्या शाळेतून पास झाल्या आणि फलक पुन्हा रंगवला गेला.

अक्का त्यानंतरही जिन्याखाली बसायच्या. वाचून दाखवायच्या, भत्ता वाटायच्या. पण अहिराणी बोलायच्या बंद झाल्या आणि मला कानाने तपासा म्हणायच्याही बंद झाल्या. एकदा एका मुलाचा बाप स्वतःहून आला, कुठून तरी ऐकून, की तुम्ही पोरांची तपासणी करून देता. अक्का त्याला म्हणाल्या, कागद नको, भाऊ, घरीच वाचून दाखवत जा. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकाही पोराला तपासणीला नेलं नाही. अशी पोरं तीन तरी होती, मला नावानिशी माहीत आहेत. तिघांचीही नावं मी पुढे यादीत लिहिली.

शेवटी त्या दीपनगरला भाचीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. आजारी आहेत कळल्यावर मी एका रविवारी गेलो. खूप वाळल्या होत्या. भाची चहा ठेवायला आत गेली तशा हळूच म्हणाल्या, "सर, तो कागद मी आणला नसता तर पोरगी तुमच्याच वर्गातून दहावीला बसली असती. माझ्यामुळे गेली ती."

मला बोलायचं होतं. सोपं वाक्य होतं: अक्का, नाव मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं, तुमचा कागद आला नसता तरी ती जाणारच होती. एवढं म्हटलं असतं तर बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. मी म्हणालो, मनाला लावून घेऊ नका, तब्येतीला जपा. लाज वाटली, आणि त्या मला दोष देत नाहीत म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे. पुढच्या रविवारी जाऊन सांगू असं ठरवून मी बस पकडली. गुरुवारी भाचीचा फोन आला.

जिन्याखालची खोली आता कॉम्प्युटरची आहे. ग्रंथपालाची जागा भरलेली नाही. परवा एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी नववीतली, माझ्याच वर्गातली. आई म्हणाली, "मनी पोरले बठ्ठं याद ऱ्हास, पन लिखता येत नही. काही इलाज शे का, सर?"

इलाज मला माहीत होता. कुठल्या गावी जायचं, कुठल्या दिवशी तपासतात, अर्जाला काय काय जोडायचं, सगळं अक्कांनी मला तेव्हा सांगितलेलं. आणि यंदाची यादी, या मुलीच्या नावासकट, मी आठवड्यापूर्वी दिली होती. मी टेबलावरची चिठ्ठी ओढली आणि सतरा नंबरचा फॉर्म कुठे भरतात ते लिहून दिलं. बाईंनी हात जोडले, चिठ्ठी मुलीच्या हातात दिली आणि तिला म्हणाल्या, वाच बरं, सरांनी काय लिहिलंय. मुलगी चिठ्ठीकडे बघत उभी राहिली.