साहेबांचे बूट

साहेबांनी तांब्या घेतला. प्यायले नाहीत. एक पाय दगडावर ठेवला आणि मी दिलेल्या पाण्याने बुटाचा चिखल धुतला. मग दुसरा पाय. रिकामा तांब्या माझ्याकडे न बघता परत केला.

चिखलाचा ओघळ माझ्या पायाशी आला. किळस आली. चिखलाची नाही, त्या हाताची.

बाळांनो, गेल्या सुट्टीत तुम्ही ज्या झिऱ्यातून ओंजळीने प्यायलात, त्याचंच ते पाणी. आपल्या पावरा लोकांत पाहुण्याला नाव विचारण्याआधी पाणी देतात. म्हणून दिलं. वरचा डोंगर खडीसाठी फोडायला आलेत, हे माहीत असून दिलं. पलीकडच्या पाड्यावर असेच सुरुंग लागले आणि तिथला झिरा आटला. आता तिथल्या बायका टँकरची वाट बघतात.

खाली वाटेवर पोकलेन उभं होतं. साहेबांनी स्वतःची बाटली काढली, प्यायले. कंत्राटदाराचा माणूस झिऱ्याच्या काठावरच गुटखा थुंकला.

"ओ अक्का, सायेबले नाच दखाडा ना जराखा. फोटो वर धाडना शे. गाव खूश शे, आसं दिखाले जोयजे."

शेजारची रुमली पावरीत म्हणाली, "आधी स्वतःच्या आईला नाचव म्हणावं." बायका हसल्या. साहेबही हसले. त्यांना वाटलं, आम्ही तयार झालो.

मी शिरपूरच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत भांडता आलं असतं. पण या माणसासाठी तोंड उघडावंसंच वाटेना. मी रुमलीच्या कमरेत हात घातला. तिने पुढचीच्या. होळीला नाचताना धरतो तशी रांग झाली, थेट पोकलेनच्या वाटेवर.

त्यांनीच आणलेला ढोल वाजू लागला.

"नाचा ना!"

एकीचाही पाय हलला नाही. ढोल अडखळला, थांबला.

"मावशी, बाजूला व्हा. मशीन वर न्यायचंय," साहेब म्हणाले.

रांग तशीच. ऊन चढलं. साहेबांची बाटली संपली. त्यांनी एकदा झिऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तांब्या पदराखाली घेतला.

पोकलेन मागे वळलं.

ते परत येतील. तहानलेले येतील. पाहुण्याला पाणी नाकारणं आपल्यात पाप आहे.

ते पाप मी करणार. रांगेत पहिली उभी राहून करणार.