डोझ, स्लीप आणि एक सही

"मराठीत सांगू नका, करून दाखवा," असं पोरांना म्हणत आमचे इंग्रजीचे सर स्वतःच खुर्चीत बसायचे, हात पोटावर ठेवायचे आणि हळूहळू मान खाली सोडायचे. सातवीच्या वर्गाला 'डोझ' म्हणजे पेंगणं हा शब्द ते असा शिकवत.

गोरेगाव नावाच्या खेड्याच्या पुढे, बंजारा तांड्याला लागून आमची शाळा. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवायचो. मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे माझी पोरं अपूर्णांकांपेक्षा इंग्रजीच जास्त शिकली. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. 'रन' शिकवताना या माणसानं सत्तावन्नाव्या वर्षी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या होत्या.

डोझचा खेळ पोरांचा लाडका. सर पेंगायचे आणि एकेकानं पाऊल न वाजवता दारापर्यंत जायचं. जरा आवाज झाला की मिटल्या डोळ्यांनीच सर ओरडत, "कोण भाईर चाललं? बस खाली!" मग सांगत, "स्लीपमधी ऐकू येत न्हाई, डोझमधी येतंय. बराबर?"

एका सकाळी अधिकारी न कळवता तपासणीला आले. सर खुर्चीत, मान खाली, वर्ग चिडीचूप. साहेबांचा बूट वाजला आणि पत्र्यापलीकडून मला ऐकू आलं, "कोण भाईर चाललं? बस खाली!"

मी धावत गेलो. साहेब लालबुंद. शेरेबुक मागवून पेन उघडून बसलेले. सरांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना वर्गात झोपल्याचा शेरा!

तेवढ्यात तांड्यावरची एक पोरगी उठली. "सर, नॉट स्लीपिंग. डोझिंग."

"फरक काय?" साहेबांनी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "व्हेन माय ग्रँडफादर स्लीप्स, गोट ईट्स कॉटन. व्हेन ही डोझेस, गोट इज अफ्रेड."

म्हणजे आजा गाढ झोपला की शेळी कापूस खाते, नुसता पेंगत असला की भिऊन असते. साहेबांना हसू आवरेना. "अस्सं! शिकवणं चाललं होतं तर," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"न्हाई साहेब," सर म्हणाले. "रोज करून दाखवतो ते शिकवणं. आज खरंच पेंगत व्हतो."

मी कपाळावर हात मारला. आदल्या दिवशीची निवडणुकीची ड्यूटी करून ते पहाटे घरी पोचले होते, उशिरा यायची मुभा असून वेळेवर आले होते. तेही त्यांनी सांगितलं नाही.

साहेब गेल्यावर मी चिडूनच विचारलं, "काहून बोलले सर? मिटलं होतं ना सगळं!"

"पोरगी खरं बोलली. तिच्या खऱ्याआड मी कसा लपू?"

साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या होत्या. "शिक्षक वर्गात पेंगताना आढळले. या वर्गासारखे इंग्रजी मी दुसऱ्या शाळेत ऐकले नाही." खाली सरांची सही, पूर्ण नावाची, एक अक्षर न दडपता.

सर गेल्या वर्षी वारले. मी आता त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. नवा शिक्षक रुजू झाला की ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवतो. पहिली ओळ वाचून तो गालात हसतो, दुसरी वाचून विचारतो, "कोण होते हे?"

तेव्हा मला फार अभिमान वाटतो. मी सांगतो, "यांच्या शेजारच्या वर्गात मी अकरा वर्षं शिकवलं."