पावण्याचा करडा कोट

“हात खिशात घाल. अंगठा बाहेर ठेव. आता खांदा सोड, पावण्यासारखा!” ट्रायलला आलेल्या प्रत्येक नवरदेवाला मास्टर असं उभं करायचे. नवरदेव वीटभट्टीवरून आलेला असो नाहीतर धरणावरच्या ड्युटीवरून, नीट उभं राहिल्याशिवाय कोट मिळत नसे.

मास्टर म्हणजे सापगावचे शिंपी. आणि पावणा म्हणजे हॉलिवूडचा एक जुना हीरो. त्याचं नाव मास्टरांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून पावणा.

मी तेव्हा भातसानगरला धरणाच्या कचेरीत कारकून होतो. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. कॉलनीत केबल नुकतीच आली होती आणि रविवारी दुपारी तिच्यावर जुने इंग्रजी सिनेमे लागत. पेपरात पावण्याचं नाव दिसलं की मी निरोप धाडायचो. मास्टर सायकल हाणत हजर. दारातूनच हिला विचारायचे, “वहिनी, पावणा आला का?”

“आलाय. चहा तुम्हाला टाकू की त्याला?”

“दोघांना टाका. त्याचा मी पितो.”

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मला कचेरीच्या पत्रांपुरतं येई, तरी मी थाटात भाषांतर करायचो. मास्टर हात उडवायचे. “भाऊ, तोंड नका बघू, खांदा बघा. उजवा खांदा पडला, म्हंजे हा बाईला सोडून जानार.” आणि तो खरंच जायचा! माझ्या भाषांतरात तोवर दोघांचं लग्न लागलेलं असायचं.

एका सिनेमातल्या पावण्याच्या कोटावर त्यांचा फार जीव. आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काचेला कापडाचे तुकडे लावून त्यांनी रंग जुळवला. करडा. त्या करड्या रंगात त्यांनी शहापूर-मुरबाडचे कितीतरी नवरदेव बोहल्यावर चढवले. स्वतः मात्र लेंगा-सदऱ्यात. म्हणायचे, “आपला कोट एकदाच. पोरीच्या लग्नात. हुबेहूब पावणा.”

पोरगी धसईला दिली. कोट शिवून, इस्त्री होऊन खिळ्याला लागला. लग्नाआधीच्या रविवारी नेमका तोच सिनेमा, आणि आदल्याच आठवड्यात मी हौसेने रंगीत टीव्ही घेतलेला. मास्टर कोट थैलीत घालून आले, शेवटचं ताडून बघायला.

पावणा दारातून आत आला. कोट तपकिरी. चक्क तपकिरी!

“रंग कमी करा,” मास्टर म्हणाले. मी केला. करडा. वाढवला. तपकिरी.

“तुमचा टीवी बिघडलाय, भाऊ.”

“अहो, झाडं हिरवीच दिसतायत की,” ही बोलून गेली. मास्टर दोन्ही चहा तसेच ठेवून निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एकदाच कोट घालणार होता तो माणूस, आणि मी मेला टीव्ही घेऊन बसलो.

लग्नाच्या दिवशी मांडवात मी लेंगा-सदरा शोधत होतो. तर समोरून मास्टर आले. करडा कोट, हात खिशात, अंगठा बाहेर. असले रुबाबदार दिसत होते की व्याह्यांना कोणी विचारीना.

“मास्टर, रंग?” मी हळूच विचारलं.

“पावण्याचा शिंपी चुकला, भाऊ,” ते माझी कॉलर सारखी करत म्हणाले. “त्या बिचाऱ्याला सांगनारं कोनी नव्हतं.”

मी एवढा हसलो की हातातल्या अक्षता सांडल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी मला करडा कोट शिवून दिला. माप घेतलं नाही. म्हणाले, इतके रविवार शेजारी बसलोय.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मास्टर गेले. पुढच्या उन्हाळ्यात धसईला त्यांच्या पोरीच्या दिराचं लग्न होतं. फोटोला पुरुषमंडळी उभी राहिली, त्यात आठ करडे कोट. बऱ्याच जणांची बटणं आता लागत नव्हती. फोटोवाला ओरडत होता, “खिशातले हात काढा!” एकानेही काढला नाही.

तेवढ्यात मास्टरांची पोर कडेवर लेकरू घेऊन रांगेसमोरून एकेकाला बघत आली आणि माझ्यापाशी थांबली.

“काका, अंगठा.”

मी अंगठा बाहेर काढला. खांदा सोडायला तिला सांगावं लागलं नाही. तो केव्हाच पडला होता.